पहिला महिनाच मनहूस?

२७ जूनला मोहरमची पहिली तारीख झाली आणि हिजरी सन १४४७ सुरू झाला. मोबाईलवर नेहमीचं साहित्य येऊन पडलं: वाळवंट, उंटांची रांग, सोनेरी कंदील, खजुराचं झाड. खाली 'नया इस्लामी साल मुबारक'. त्या कंदिलाचा आणि परभणीचा काय संबंध, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तो कंदील मुळात इजिप्तमधल्या रमजानचा, तिथून तो आखातातल्या दुकानांत गेला आणि तिथून आपल्या स्टेटसवर आला. आपल्याकडे त्या दिवशी मृग संपून आर्द्रा लागली होती, शाळेची नवी वह्या-पुस्तकं दप्तरात होती आणि बाहेर चिखल होता. नव्या वर्षाची यापेक्षा चांगली खूण कुठून आणायची?

पण माझं भांडण कंदिलाशी नाही. कंदील पाठवणाऱ्या त्याच हाताने दुसऱ्या दिवशी एक निरोप येतो, त्याच्याशी आहे. 'मोहरम लागला, आता लग्नाचं बोलणं नको. सफर निघू द्या, मग बघू.' म्हणजे वर्ष मुबारक, पण वर्षाचा पहिला महिना मनहूस आणि दुसरा त्याहून मनहूस. शेजारच्या घरी वर्षाचा पहिला दिवस साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी दुकान उघडतं, सोनं घेतलं जातं, घराची वास्तू होते. आमच्या घरी वर्षाचे पहिले दोन महिने कुलूप. आणि मग आम्ही नशिबाच्या खुणा शोधत हिंडतो. कुणी मनगटाला काळा धागा बांधतं, कुणी गाडीला नाल ठोकतं.

सफरचे पहिले तेरा दिवस म्हणजे आपल्याकडची तेरा तेजी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या तेरा दिवसांत शुभ काम नाही, नवीन कपडा नाही, प्रवास नाही. तेराव्या रात्री उशाशी अंडी, डाळ, तेल ठेवायचं आणि सकाळी गरिबाला देऊन टाकायचं. बला त्याच्याबरोबर गेली! बला गरिबाच्या घरी पाठवण्यात काही गैर आहे असं आमच्या घरांत कुणाला वाटत नाही, हे विशेष. ही रीत आजची नाही. जाफर शरीफ यांच्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथाचं हर्क्लॉट्स यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८३२ साली छापलं गेलं. दक्षिणेतल्या मुसलमानांच्या रीतिरिवाजांच्या त्या वर्णनात तेरा तेजी आहे आणि सफरचा शेवटचा बुधवार, आखरी चहार शंबाही आहे. जुनी आहे म्हणून ती दीन होत नाही.

प्रत्यक्षात दीन काय सांगतो? मोहरम हा कुरआनने आदराचे म्हणून सांगितलेल्या चार महिन्यांपैकी एक. सफरमध्ये नहूसत नाही, अपशकुनाला आधार नाही, हे पैगंबरांनी (स.) स्पष्ट शब्दांत सांगितलं, ते बुखारी शरीफमध्ये आहे. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणाले, आभाळानेही शोक केला. पैगंबरांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने ही वदंता चालू दिली असती. पैगंबरांनी ती तिथल्या तिथे मोडली: सूर्य-चंद्राला कुणाच्या जन्मामरणाने ग्रहण लागत नाही. पोटचं पोर गेलेल्या बापाने त्या दिवशी हे सांगितलं. तो दिवस आठवला की मला आपल्या तेराव्या रात्रीच्या अंड्यांची लाज वाटते.

आणखी एक उदाहरण लग्नाचंच. अरबांत शव्वाल महिना लग्नाला अशुभ मानायचे. हजरत आयशा (रजि.) यांचा निकाह आणि रुखसती दोन्ही शव्वालमध्ये झाले. पुढे आयुष्यभर त्या हे आवर्जून सांगत आणि आपल्याकडच्या मुलींची पाठवणी शव्वालमध्ये व्हावी असं त्यांना वाटे. म्हणजे ज्या महिन्याला लोक भितात, तोच निवडायचा. हा सुन्नतीचा रस्ता उघडा असताना आम्ही शव्वालमध्ये बिनधास्त लग्नं करतो, कारण ती भीती अरबांची होती, आणि मोहरम-सफरला घाबरतो, कारण ही भीती आमची आहे.

यावर लगेच कोणी करबला पुढे करेल. करबला मला कुणी शिकवू नये. हिजरी ६१, दहा मोहरम, हजरत इमाम हुसेन आणि त्यांच्याबरोबरची माणसं तहानेली शहीद झाली. ज्या घरात त्या दुःखाने महिनाभर शहनाई वाजत नाही, त्या घरासमोर मी मान खाली घालतो. पण दुःख वेगळं आणि अपशकुन वेगळा. दुःखाने लग्न थांबवणारा माणूस शहिदांचा मान राखतो. 'या महिन्यात लग्न केलं तर सून लाभत नाही' असं म्हणणारा माणूस शहिदांच्या महिन्याला शिवी देतो. आपल्या मोहल्ल्यांत किती घरं दुःखाने थांबतात आणि किती भीतीने, हे ज्याने त्याने आपल्या उंबऱ्याच्या आत बघावं.

आणि गंमत बघा. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मोहरमला सवाऱ्या बसतात, अलावा पेटतो, मलिदा आणि सरबत वाटलं जातं. काही गावांत तर मुसलमानाचं घर नाही आणि सवारी मात्र आहे, ती गावकरी बसवतात. बाया तिथे मूल होऊ दे म्हणून नवस बोलतात, पोराला हिरवा दोरा बांधून फकीर करतात. त्या नवसांबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुन्हा केव्हातरी. पण ज्या महिन्यात शेजारची हिंदू बाई पाळणा मागते, त्या महिन्याला आम्ही स्वतःच मनहूस म्हणतो. आपल्या घरातल्या वस्तूची किंमत शेजाऱ्याला जास्त कळावी, असा हा प्रकार आहे.

हे सगळं मी रीतिरिवाजांच्या चर्चेसाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाला मी एक काम दिलं होतं. आपली जन्मतारीख घ्या आणि ती हिजरीत कोणती येते ते शोधून वहीत लिहा. पोरं खूश. कुणाची रमजानमध्ये निघाली, कुणाची बकरीदच्या दिवशी. एका मुलीने लिहिलेलं खोडून टाकलं होतं, कागद फाटेपर्यंत. विचारलं तर म्हणाली, "सर, मेरेकू घर में सब तेरा तेजीच बोलते." ती सफरच्या सातव्या दिवशी जन्मली होती. त्याच वर्षी वडिलांचं दुकान बसलं. दुकान का बसलं असेल याची दहा कारणं कुणीही सांगेल, पण घराने अकरावं शोधलं, आणि ते कारण तेरा वर्षांचं होऊन माझ्यासमोर मान खाली घालून उभं होतं. भावंडांच्या परीक्षेच्या दिवशी तिने सकाळी समोर यायचं नाही, अशी त्या घरात रीत होती. कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं, लाडही करत असतील. फक्त सकाळी समोर यायचं नाही.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही सांगतो. पैगंबरांना अपशकुन मान्य नव्हता, पण चांगला शब्द आवडायचा. हुदैबियाच्या बोलणीसाठी समोरून सुहैल नावाचा माणूस आला, तेव्हा त्याच्या नावात 'सोपं' हा अर्थ आहे म्हणून आता काम सोपं झालं, असं ते म्हणाले. आणि एका मुलीचं नाव आसिया, म्हणजे अवज्ञा करणारी, असं होतं, ते बदलून त्यांनी जमीला ठेवलं. आसिया या नावाचं उर्दूत लिहिताना वेगळं अक्षर असलेलं चांगलं नावही आहे, वर्गात त्यावरून गोंधळ झाला, तो निस्तरण्यात तास संपला. सांगायचं एवढंच की पैगंबरांनी मुलींची वाईट नावं पुसली. आम्ही नव्याने ठेवतो.

आता या सनाचंच बघू, ज्याच्या शुभेच्छा आपण पाठवतो. पोस्टरवर लिहिलेलं असतं की याच दिवशी हिजरत झाली. नाही झाली. पैगंबर मदिनेला पोचले ते रबीउल अव्वलमध्ये, सन ६२२ मध्ये. सन मोजायला सुरुवात झाली त्यानंतर सुमारे सोळा-सतरा वर्षांनी, हजरत उमर (रजि.) यांच्या काळात, आणि त्याचं कारण निव्वळ कचेरीचं होतं. अबू मूसा अशअरी यांनी कळवलं की तुमच्या पत्रांवर तारीख कळत नाही. मग मसलत बसली. जन्मापासून मोजावं, वफातीपासून मोजावं, असे पर्याय निघाले. ठरलं ते घर सोडण्यापासून. जन्म नाही, विजय नाही. मक्केतलं घर, जमीन, नातलग मागे ठेवून निघालेल्या माणसांपासून. अशा सनाला नशिबाची खूण कशाला हवी?

या सनाने आपल्या मातीत मुळंही धरली होती. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांवर सालं लिहिलेली दिसतात ती खमस, सित, सबा, मया, अलफ अशी. हे अरबी आकडे आहेत. तो शुहूर सन. हिजरी सनाची मोजणी शेतीच्या सूर्यवर्षाला जोडून चौदाव्या शतकात तो दख्खनेत आला आणि त्याचं वर्ष मृगाला सुरू व्हायचं, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. अरबी आकडा आणि मराठी पाऊस. पुढे निजामाच्या राज्यात आपल्या जिल्ह्याच्या जमिनीचे कागद फसली सनात लिहिले गेले, महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी इराणी. ते कागद घेऊन आजही लोक तहसीलमध्ये उभे असतात. आपल्याच शहरातला हजरत तुराबुल हक यांचा उर्स भरतो इंग्रजी फेब्रुवारीत, आणि त्याने कुणाची श्रद्धा कमी झालेली नाही. गावाकडे सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. गडी मुसलमान असला तरी त्याचा करार पाडवा ते पाडवाच. त्याला विचारा नवीन वर्ष कधी, तो पंचांग बघणार नाही, उचल किती मिळाली ते सांगेल.

२०२५ साली पाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ ला. २०२४ साली ९ आणि ११ एप्रिल. चंद्र एकच होता, म्हणून. पाडव्याच्या संध्याकाळी शेजारून आलेल्या साखरेच्या गाठीने कुणी रोजा सोडला असेल तर त्याने काही बिघडलं नाही, आणि गुढी उभारली नाही म्हणूनही काही बिघडलं नाही. आमच्या दारात गुढी आहे का, हे कॅमेरा घेऊन बघायला येणाऱ्यांना आणि गाठी खाल्ली का, हे तपासणाऱ्यांना एकाच बाकावर बसवावं.

माझं मागणं अगदी बारीक आहे. आपल्याकडची उर्दू कॅलेंडरं दुकानदार आणि संस्था पदरच्या पैशाने छापतात, नेकीचं काम म्हणून. त्यात सफरच्या चौकटीत 'तेरा तेजी' छापलेलं असतं, शिवाय दर महिन्याला 'कमर दर अकरब', म्हणजे चंद्र वृश्चिकेत, लग्न टाळा. वर किबल्याची दिशा आणि खाली राशीचा धाक, एकाच खिळ्याला. पुढच्या छपाईत तेवढ्या दोन ओळी गाळा. शाई वाचेल.

आणि ज्यांच्या घरी मुलाचं किंवा मुलीचं ठरलेलं आहे, ज्यांना दुःखाने नव्हे तर फक्त 'लोक काय म्हणतील' म्हणून थांबायचं आहे, त्यांनी या सफरमध्येच तारीख धरावी. सातवी असेल तर फारच उत्तम. शादीखाने रिकामे आहेत, भाडं कमी होईल, मंडपवाला उधारीवर येईल आणि काझीसाहेबांना त्या दिवशी दुसरीकडे जायची घाई नसेल.