विजेची मोटार अडते कुठे?

आपल्या बालाघाट जिल्ह्यात भरवेलीला मँगनीज निघते आणि मलाजखंडला तांबे. विजेच्या मोटारीला पेट्रोलच्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक तांबे लागते, तिच्या काही प्रकारच्या बॅटऱ्यांत मँगनीजही असते. म्हणजे ही गाडी आपल्याला अगदीच परकी नाही. तरीही कटंगीत वाढून नागपूर-पुण्यात स्थायिक झालेली आपली मुले ती घेताना कचरतात. किंमत, बॅटरीचे आयुष्य, वाटेत वीज संपण्याची धास्ती ही कारणे खोटी नव्हेत. परंतु शहरवासीयाचा खरा अडथळा त्याच्या इमारतीच्या वाहनतळात आहे, असे माझे मत आहे.

बंगळुरूची ‘रेवा’ २००१ साली आली तेव्हा गाडीच तोकडी होती. २०२० साली आलेल्या विजेच्या ‘नेक्सॉन’मध्ये ३०.२ किलोवॉट-तासांची बॅटरी होती आणि सारे कुटुंब तिच्यात बसत होते. गाडी सुधारली, वाहनतळ मात्र होता तसाच राहिला.

वास्तविक गरज फार थोडी आहे. रोज चाळीस किलोमीटर प्रवास धरला, तर सहा-सात युनिट वीज पुरते. पंधरा अँपिअरच्या घरगुती सॉकेटवर हे काम दोन-अडीच तासांत होते. हा भार एखाद्या मोठ्या गिझरइतकाच! घरोघरी गिझर बसले तेव्हा कोणी सभा बोलावली नाही. गाडीसाठी मात्र संमती कोणाची, मीटर कुठे, केबलचा खर्च कोणी करायचा, असे प्रश्न निघतात आणि विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर ढकलला जातो.

चार्जिंगसाठी वीज कायद्याखालील वेगळ्या परवान्याची गरज नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची तरतूद सुचविण्यात आली. परंतु असे उपविधी नव्या बांधकामाला उपयोगी पडतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत निर्णय शेजाऱ्यांनाच घ्यावा लागतो.

आगीची भीती आणि जुन्या वायरिंगची काळजी रास्त आहे. म्हणूनच योग्य अर्थिंग, सर्किट ब्रेकर, परवानाधारक कंत्राटदार आणि रात्री पाळीपाळीने चार्जिंग, असे नियम सोसायटीने करावेत. सरसकट नकार मिळाला की कोणीतरी गॅलरीतून वायर खाली सोडतो. तो धोका अधिक मोठा.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या प्रश्नाची निकड वाटते. लहान मूल मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेते आणि रस्त्यावर त्याचे नाक गाड्यांच्या धुराच्या अधिक जवळ असते. कोराडी-खापरखेड्याची वीज कोळशावरच तयार होते, हे मान्य. तेथील मुलांसाठी स्वच्छ विजेचा आग्रह धरलाच पाहिजे. पण शाळेच्या फाटकापुढचा धूर कमी करण्यासाठी तोवर थांबण्याचे कारण नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या सदनिका नागपुरात आहेत, काहीजण तेथील सोसायट्यांच्या समितीवरही आहेत. त्यांनी हा ठराव येत्या सभेत मांडावा. कटंगीतील डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयाच्या आवारात एक सुरक्षित सॉकेट बसवावे. नागपूरहून येऊन परत जाण्याचे अंतर लहान गाडीला एका चार्जिंगमध्ये जड जाते. येथे रात्रभर गाडी लावता आली, तर मुलांची एक सबब तरी कमी होईल.