ठेका जपून ठेवा राव!

परवाच्या शनिवारी लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवला (ऑन-कॉल दुसऱ्याचा होता, काळजी नसावी) आणि गावी गेलो. सातारा रस्त्यानं चेलाडी फाटा, तिथून उजवीकडे नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्हे. सरकारदरबारी आता राजगड तालुका झालाय, पण आमच्या तोंडी वेल्हेच. गाडीत मेसियो पार्करचा 'लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह' चालू होता. १९९२ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात लाइव्ह रेकॉर्ड झालेला अल्बम. शेजारी बसलेला मित्र विंझरपर्यंत डॅशबोर्ड बडवत होता आणि मग म्हणाला, "हे भारीये रे, पण फंक म्हणजे नक्की काय?"

आता नमनाला घडाभर तेल नको, थोडक्यात सांगतो. जेम्स ब्राउन आपल्या वादकांना म्हणायचा, पहिल्या मात्रेवर जोर द्या. त्याला तो 'द वन' म्हणायचा. बाकी कुणी कुठंही भटकू दे, 'वन'ला सगळे घरी. आपल्या भाषेत, समेवर या! फंक कळायला फार अभ्यास लागत नाही, समेला मान हलणारं डोकं असलं की झालं.

पण माझा आग्रह असा की फंक ऐकायचं ते लाइव्ह, आणि तेही नीट रेकॉर्ड केलेलं. ज्यांना सुरुवात करायचीये त्यांच्यासाठी शिधा:

पहिलं, 'डॉनी हॅथवे लाइव्ह', १९७२. छोट्या क्लबमधलं रेकॉर्डिंग. लोक असे गातात की तेही बँडचेच वाटतात. शेवटच्या गाण्यातला विली वीक्सचा बास हेडफोन लावून ऐका, सोमवारच्या मीटिंगमध्ये पाय हलले तर मला शिव्या घाला. दुसरं, जेम्स ब्राउनचं 'लव्ह पॉवर पीस'. मार्च १९७१, पॅरिस. बासवर बूट्सी कॉलिन्स, वय फक्त १९! आणि तिसरं, वर सांगितलेला मेसियो, जो स्वतः ब्राउनच्याच बँडमध्ये घडलेला.

यातल्या पॅरिसच्या टेपची गंमत बघा. कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांत तो बँड फुटला आणि अल्बम बाहेर आला थेट १९९२ साली. एकवीस वर्षं टेप पडून होती, पण होती! त्याच्याही आधी, १९६२ मध्ये, 'अपोलो' थिएटरमधला कार्यक्रम रेकॉर्ड करायला ब्राउनच्या कंपनीनं पैसे द्यायला नकार दिला. जुनीच गाणी लाइव्ह कोण विकत घेणार, असा हिशोब. पठ्ठ्यानं खिशातले पैसे घातले. पुढं तो अल्बम तुफान चालला. म्हणजे कुणीतरी वेळेवर पैसा आणि डोकं खर्च केलं म्हणून आपण आज ऐकतोय.

आता मूळ मुद्दा.

आमच्या गावच्या जत्रेत एक आबा हलगी वाजवायचे. आधी जाळावर हलगी शेकून घ्यायचे, कान लावून बघायचे, परत शेकायचे. मग जाड काठीचा ठोका आणि त्याच्यामध्ये बारीक काठीची अशी काही कुजबुज की पाहुणेरावळेसुद्धा नाचायला लागायचे. फंकचा ड्रमर स्नेअरवर हळूच, ऐकू येतील न येतील असे ठोके भरतो ना, तीच कुजबुज. ग्रूव्ह राहतो तो तिथंच, मोठ्या आणि बारीक आवाजातल्या फरकात.

त्यांच्या वाजवण्याची आमच्याकडे एकच नोंद आहे. २०१९ च्या जत्रेत मी मोबाईलवर घेतलेली चार मिनिटं. या वेळी ती मित्राला ऐकवली आणि लाज वाटली. मोठा ठोका फाटलाय. आणि मोबाईल आवाज आपोआप कमी-जास्त करतो, त्यामुळे ठोका पडला की सगळं दबतं, मग बारीक काठी उगाच वर येते. फरकच पुसला गेला. राहिला तो नुसता खडखडाट. इंजिनियर म्हणवतो स्वतःला आणि सेटिंगमध्ये जाऊन एक बटण बंद केलं नाही!

आबांना भेटायला गेलो. म्हटलं, "आबा, या वेळी नीट रेकॉर्ड करू, वाजवता का?"

"आरं पोरा, बोटंच वळत न्हाईत आता," म्हणाले, आणि चहा सांगितला.

म्हणजे ती चार फाटकी मिनिटंच उरली. असो.

आपल्याकडे कुणी केलंच नाही असं नाही. गी पॉयटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी याच पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. १९९५ च्या सुमारास बर्नार्ड बेल हा मूळचा इंजिनियर त्यांना मिळाला. त्यानं शंभरावर तास रेकॉर्डिंग केलं आणि डेटाबेस उभा केला. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ओव्या फुकट ऐकता येतात. ज्या बायकांची नावं गावाबाहेर कुणाला माहीत नव्हती, त्यांची नावं, गावं, आवाज सगळं जागेवर आहे. आपल्याच धंद्यातल्या माणसाचं काम आहे हे!

कुणी म्हणेल, जत्रेचा आनंद जत्रेतच, रेकॉर्डिंग कशाला? मान्य, धुरळा आणि गुलाल फाईलमध्ये येत नाही. पण आबांची बोटंही आता जत्रेत येत नाहीत.

तेव्हा पुढच्या जत्रेला भोर, वेल्हे, जिथं कुठं तुमचं गाव असेल तिथं एक साधा रेकॉर्डर घेऊन जा. मधल्या किमतीच्या मोबाईलएवढ्या पैशात येतो. ऑटो गेन बंद. सर्वात जोराचा ठोकासुद्धा मायनस बारा डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी ठेवा. स्पीकरच्या भिंतीपासून लांब, वादकांपासून चार-पाच पावलांवर उभे राहा. आधी विचारा, नंतर त्यांना फाईल द्या, नाव लिहून ठेवा, आणि बिदागी द्या राव, क्लायंटला तासाचे पैसे लावतोच ना आपण.

मी रेकॉर्डर मागवलाय. आबांचा नातू शिकतोय म्हणे. चैत्रात त्यालाच गाठणार, आणि आबांना शेजारी बसवणार. सम चुकली तर ते सांगतीलच :)