प्रत्येक गाठ कुरूप नसते

दोह्याच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवरचे मेसईद हे तेल, खत आणि पोलादाच्या कारखान्यांचे बंदर. दिवसभर सेफ्टी बूट घालणाऱ्या कामगाराच्या तळपायाला गाठ आली, तर त्याला ती कुरूपच वाटणार आणि तो कॉर्न कॅप लावणार. आपल्याकडच्या ओपीडीतही वेगळे घडत नाही. पण कुरूप दाबले की दुखते. सहज रक्त येणारी, मऊसर, गुलाबी गाठ हे कुरूपाचे लक्षण नव्हे.

अशा वेळी पोरोमा आठवायला हवा. पिंकस, रॉजिन आणि गोल्डमन यांनी १९५६ मध्ये वर्णन केलेला हा घर्मनलिकेशी नाते सांगणारा दुर्मिळ, सौम्य अर्बुद. तो पायोजेनिक ग्रॅन्युलोमासारखा दिसतो. रंगद्रव्यहीन मेलॅनोमासारखाही दिसतो, आणि खरी भीती तिथेच आहे. भारतीयांत मेलॅनोमा कमी आढळत असला, तरी तळपाय ही त्याची नेहमीची जागा.

डर्मोस्कोपीत पोरोमाच्या रक्तवाहिन्या पाना-फुलांच्या आकाराच्या किंवा गुंडाळी झालेल्या दिसतात. त्यांच्याभोवती पांढुरक्या-गुलाबी पट्ट्यांची जाळी असते. मात्र भिंग दाबून धरले, तर रक्त सरकते आणि नेमक्या वाहिन्याच दिसेनाशा होतात. म्हणून भरपूर जेल लावावे किंवा स्पर्श न करता ध्रुवित प्रकाशात पाहावे. तरीही चित्र जुळले म्हणून निर्धास्त होऊ नये. डर्मोस्कोपने शंका घ्यायला शिकावे. ती फेडण्याचे काम ऊतकपरीक्षेचे.

बाह्यत्वचेतून खाली उतरणाऱ्या लहान, एकसारख्या पेशींच्या रुंद पट्ट्या आणि त्यांतल्या नलिका पाहून पॅथॉलॉजिस्ट निदान करतात. पेशींची विषमता, वाढलेले विभाजन आणि आसपास घुसखोरी दिसली, तर पोरोकार्सिनोमाचा विचार होतो. वरवरच्या तुकड्यात ही घुसखोरी निसटू शकते. त्यामुळे शक्य तिथे गाठ संपूर्ण काढून पाठवावी. सोबतच्या चिठ्ठीवर नुसते ‘पायाची गाठ’ न लिहिता जागा, कालावधी, रक्तस्राव आणि आधीचे उपचार नोंदवून डर्मोस्कोपीचे छायाचित्रही जोडावे.

शेवटचा मुद्दा स्थलांतरिताचा. मेसईदमध्ये गाठ काढलेला कामगार करार संपल्यावर रत्नागिरीला परतला आणि तिथे ती पुन्हा उगवली, तर पुढच्या डॉक्टरने जुनी स्लाइड कुठे शोधायची? अहवालाची प्रत, ब्लॉक क्रमांक आणि छायाचित्र रुग्णाच्या हाती देणे हाही उपचाराचाच भाग मानायला हवा.