गुणवत्ता मोजणाऱ्यांची गुणवत्ता कोण मोजणार? आइस हॉकीच्या बचावपटूंच्या निमित्ताने

आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "खेळात कुठे आहे आरक्षण? तिथे फक्त गुणवत्ता चालते!" कॉलेजच्या कट्ट्यावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत आपल्या तरुणांना हे ऐकवले जाते आणि पुष्कळदा आपली मुले गप्प बसतात. आम्हाला वाटते, गप्प बसू नये. खेळाचेच उदाहरण घ्यावे. आणि घ्यायचेच तर असे घ्यावे, जिथे आरक्षणाचा संबंधच नाही. जिथे पैसा, तज्ज्ञ, संगणक सगळे भरपूर आहे. आणि जिथे निवड चुकली तर निवडणाऱ्याच्याच खिशाला चाट बसते. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी हा असा खेळ आहे. त्यातही तरुण बचावपटूंची पारख हा सर्वात अवघड भाग मानला जातो.

आधी खेळ समजून घेऊ. कॅनडा आणि अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही या खेळातील सर्वात मोठी व्यावसायिक लीग. तिच्यात ३२ संघ आहेत. दरवर्षी ड्राफ्ट होतो. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला १८ वर्षे पूर्ण होतात, तो निवडीला पात्र ठरतो. सात फेऱ्यांत साधारण २२४ मुलांची नावे पुकारली जातात. बर्फावर एका वेळी गोलरक्षक सोडून पाच खेळाडू असतात आणि त्यांतले दोन सहसा बचावपटू.

या बचावपटूचे काम काय? समोरचा आक्रमक वेगाने अंगावर येत असतो आणि याला उलटे स्केटिंग करत, तोंड त्याच्याकडे ठेवून, मधले अंतर नेमके राखायचे असते. अंतर जास्त राहिले तर तो गोलवर फटका मारतो, कमी झाले तर बगल देऊन निघून जातो. मागे कोपऱ्यात गेलेला पक, म्हणजे ती रबरी चकती, आणायला जाताना पाठीवर कोण येतोय हे खांद्यावरून आधीच पाहून ठेवायचे आणि पक हाती लागताच पहिला पास अचूक द्यायचा. कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच कळेल. चढाई करणाऱ्याचे गुण फळ्यावर लागतात. पण कोपऱ्यातला रक्षक नुसता योग्य जागी उभा राहिला म्हणून चढाईपटू रिकाम्या हाताने परत गेला, हे कुठे लिहिले जात नाही. चांगल्या बचावपटूचे निम्मे काम म्हणजे जे घडले नाही ते.

आता प्रश्न असा की, जे घडले नाही ते मोजायचे कसे? मोजणे अवघड झाले की माणूस जे सहज दिसते ते मोजतो. उंची दिसते. वजन दिसते. धडक किती जोरात दिली ते दिसते. गोल आणि पासचे आकडे दिसतात. ड्राफ्टच्या आधी निवडक मुलांना बफेलो शहरात बोलावून चाचण्या घेतात. उंची-वजन, पुलअप्स, सायकलवर दम लागेपर्यंतची चाचणी, संघांच्या मुलाखती. पण त्या चाचण्यांत मुलाला बर्फावर उतरवतच नाहीत! जो खेळ बर्फावर खेळायचा, त्याची मोठी चाचणी कोरड्या जमिनीवर. खरी पारख स्काउट लोक वर्षभर सामने बघून करतात, हे मान्य. पण त्यांच्याही डोळ्यांत आधीपासून एक साचा बसलेला असतो.

२०१२ चा ड्राफ्ट पाहा. त्या वर्षी पहिल्या १० मुलांत तब्बल ८ बचावपटू होते. चौथ्या क्रमांकावर न्यूयॉर्क आयलंडर्सने ग्रिफिन राइनहार्टला घेतले. सहा फूट चार इंच उंची, वडील स्वतः एनएचएलमध्ये खेळलेले बचावपटू. कागदावर सगळे जुळत होते. एनएचएलमध्ये तो ४० सामनेही खेळला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ८६ व्या क्रमांकावर कोल्टन पॅरेको हा मुलगा घेतला गेला. आदल्या वर्षी त्याला कोणीच निवडले नव्हते आणि तो अल्बर्टा प्रांतातल्या दुय्यम समजल्या जाणाऱ्या ज्युनियर लीगमध्ये खेळत होता. २०१९ मध्ये सेंट लुईसने स्टॅनली कप जिंकला, तेव्हा तो त्या संघाच्या बचावाचा खांब होता. आणि १२० व्या क्रमांकावर जेकब स्लाव्हिन. आज शुद्ध बचावाचा विषय निघाला की त्याचे नाव पहिल्या काही नावांत घेतले जाते. स्लाव्हिन कोणाला चिरडत नाही. योग्य जागी काठी ठेवून पक काढून घेतो आणि दंडही क्वचितच ओढवून घेतो. त्याचा गुण असाच होता, जो साच्यात दिसत नाही.

कोणी म्हणेल, एका वर्षाचे उदाहरण घेऊन काय सिद्ध होते? मग मोठा हिशेब करू. सर्वोत्तम बचावपटूला दरवर्षी नॉरिस करंडक मिळतो. २००९ ते २०२५ या १७ हंगामांत ८ वेळा तो अशा खेळाडूला मिळाला, ज्याला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत कोणी घेतले नव्हते. झ्देनो चारा ५६ वा, डंकन कीथ ५४ वा, निक्लस लिडस्ट्रॉम ५३ वा, पी. के. सुब्बान ४३ वा, रोमन योसी ३८ वा, ॲडम फॉक्स ६६ वा. लिडस्ट्रॉमने तर हा करंडक एकूण सात वेळा जिंकला. मार्क जॉर्डानोला तर ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते. त्याला हा करंडक २०१९ मध्ये मिळाला, वयाच्या पस्तिशीत. अठराव्या वर्षी लावलेला निकाल पस्तिशीत खोटा ठरला.

आता महत्त्वाचा मुद्दा. माणूस आहे, चुकणारच, यात नवल नाही. चुका सगळ्या दिशांना सारख्या झाल्या असत्या तर आमची तक्रार नव्हती. पण चुकांना दिशा असते. त्या ठरावीक मुलांच्या बाजूने होतात आणि ठरावीक मुलांच्या विरोधात. समाजशास्त्र शिकताना आम्हाला सर्वात आधी हेच शिकवले गेले. एकटी चूक हा अपघात असू शकतो, पण एकाच बाजूला झुकणाऱ्या चुका म्हणजे व्यवस्था.

जन्माचा महिना घ्या. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून धरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. दहाव्या वर्षी हा ११ महिन्यांचा फरक म्हणजे हातभर उंचीचा आणि ताकदीचा फरक असू शकतो. मोठा दिसणारा मुलगा चांगल्या संघात जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि पुढे तो खरोखरच चांगला होतो. मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हणालोच होतो! रॉजर बार्न्सले आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच हे हॉकीत दाखवून दिले होते. २०१३ मध्ये डीनर, लोवेन आणि कॉब्ली या संशोधकांनी १९८० ते २००६ चे एनएचएल ड्राफ्ट तपासले. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुले, त्यांच्या पुढच्या कामगिरीचा विचार करता, ४० हून अधिक जागा खाली निवडली गेली होती. ४०० सामने किंवा २०० गुण असे टप्पे गाठण्याची त्यांची शक्यता जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांच्या जवळपास दुप्पट होती. म्हणजे ज्यांना कमी लेखले तेच जास्त टिकले. आणि संशोधक सांगतात की हा पक्षपात काळाबरोबर कमीही झाला नाही, माहिती सगळीकडे पसरलेली असतानासुद्धा!

विचार करा. इथे कोणाचा कोणाशी द्वेष नाही. डिसेंबरात जन्मलेल्यांविरुद्ध कोणी धर्मग्रंथ लिहिलेला नाही. योग्य मुलगा मिळावा म्हणून संघ पाण्यासारखा पैसा ओततात. तरीही तज्ज्ञांचा डोळा एका बाजूला झुकतो. मग जिथे द्वेषही आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा पूर्वग्रहही आहे, तिथे "आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो" हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणायचे?

हॉकीतही फक्त जन्माचा महिना आडवा येत नाही. हा महागडा खेळ आहे. स्केट्स, पॅड, हेल्मेट, काठ्या, बर्फाच्या मैदानाचे भाडे, दूरच्या स्पर्धांचा प्रवास, उन्हाळ्यातले खासगी प्रशिक्षण. बाप कारखान्यात पाळीवर असेल तर पहाटे पाचच्या सरावाला मुलाला सोडणार कोण? स्काउटच्या समोर पोचण्याआधीच किती मुले गळून गेली, याची नोंद कुठल्याच यादीत नसते.

रंगाचा प्रश्नही आहे. जमैकन आई-वडिलांच्या पोटी टोरंटोत जन्मलेला हर्ब कार्नेगी हा आक्रमक फळीतला नामांकित खेळाडू होता, पण एनएचएलमध्ये एकही सामना न खेळता त्याची कारकीर्द संपली. हॉल ऑफ फेममध्ये त्याला २०२२ मध्ये घेतले, मृत्यूनंतर. आजच्या बचावपटूंत मॅट डंबा, ज्याची आई फिलिपिनो वंशाची, २०२० मध्ये वंशद्वेषाविरुद्ध भर मैदानात गुडघ्यावर बसला. क्री या आदिवासी समाजातला बचावपटू ईथन बेअर याला २०२१ मध्ये संघ हरल्यावर समाजमाध्यमांवर जातीवरून शिव्या खाव्या लागल्या. आणि पारख करणारे कोण? एनएचएलने २०२२ मध्ये स्वतःच जाहीर केलेल्या अहवालानुसार लीग आणि संघांच्या कर्मचाऱ्यांत ८३.६ टक्के लोक गोरे होते. काळ्या मुलाचा धीटपणा उर्मटपणा वाटतो आणि गोऱ्या मुलाचा तोच धीटपणा नेतृत्वगुण वाटतो, हे टेबलाच्या या बाजूला कोण बसले आहे त्यावरही ठरते.

आमच्यावर आक्षेप येईल की, मग गुणवत्ता नावाची गोष्टच नाही का? आहे. व्हिक्टर हेडमन २००९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे नॉरिस जिंकला. केल मकार २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर गेला, आणि गंमत म्हणजे तो अल्बर्टाच्या त्याच दुय्यम लीगमध्ये खेळत होता, जिथून पाच वर्षांपूर्वी पॅरेको ८६ वा गेला होता. म्हणजे नजर बदलता येते. जिकडे कोणी फारसे बघत नव्हते तिकडे जाऊन बघितले, तर तिथेही हिरा सापडतो. लेन हटसन या बुटक्या बचावपटूला २०२२ मध्ये ६२ व्या क्रमांकापर्यंत थांबावे लागले आणि २०२५ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याची उंची सगळ्यांना दिसली, पण समोरच्याला हुलकावणी देणारे त्याचे पाय आणि डोके पुरेसे मोजले गेले नाही. गुणवत्ता खरी आहे. तिला मोजणारा तराजू मात्र तपासलाच पाहिजे.

बाबासाहेबांनी "जातिव्यवस्थेचे निर्मूलन" मध्ये माणसाची क्षमता तीन गोष्टींवर ठरते असे मांडले आहे. जन्मतः मिळालेले शरीर, समाजाकडून आणि घरातून मिळालेले पाठबळ, आणि त्याचे स्वतःचे प्रयत्न. अठरा वर्षांच्या बचावपटूकडे पाहताना स्काउटला तिन्ही एकत्र मिसळलेले दिसतात आणि तो सगळ्याला मिळून "टॅलेंट" म्हणतो. चांगला पारखी तोच, जो हे तीन धागे वेगळे करतो. कोणाला किती मिळाले आणि मिळालेल्यातून त्याने किती उभे केले, हे विचारतो.

आमचीही एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या मुलांचा कबड्डी संघ निवडायला आम्ही बसलो होतो. गट १४ वर्षांखालचा. आम्ही उंच, दणकट, मिसरूड फुटू लागलेली मुले घेतली. कोपऱ्यात उभा राहणारा एक बारका मुलगा होता, चढाईपटूच्या पायावरून त्याची नजर हलत नसे. त्याला "पुढच्या वर्षी बघू" म्हणून घरी पाठवले. नंतर फॉर्म भरताना जन्मतारखा पाहिल्या, तेव्हा कळले की निवडलेले बहुतेक जण वयोगटाच्या वरच्या टोकाचे होते. तो मुलगा पुन्हा मैदानावर आला नाही. समतेवर भाषणे देणारे आम्ही, आमचाही डोळा झुकलेलाच निघाला.

म्हणून मित्रांनो, उद्या तुम्ही कुठेही निवडीच्या टेबलावर बसाल, खेळाच्या, शिष्यवृत्तीच्या किंवा नोकरीच्या, तेव्हा या बचावपटूंची आठवण ठेवा. आज कुठे आहे एवढेच पाहू नका, गेल्या वर्षी कुठे होता तेही पाहा. जन्मतारीख विचारा. घरून काय मिळाले ते विचारा. दिसणाऱ्या आकड्यांबरोबर न दिसणारे काम मोजा. एकदा नाकारलेल्यासाठी दुसऱ्यांदा दार उघडे ठेवा. टेबलावर वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसे बसवा. आणि जुन्या निवडी काढून बघा, आपल्या चुका कोणत्या बाजूला झुकल्या होत्या.

आणि पुढच्या वेळी कोणी म्हणाले की खेळात फक्त गुणवत्ता चालते, तर गप्प बसू नका. शांतपणे विचारा, "ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला जॉर्डानो पस्तिशीत सर्वोत्तम कसा ठरला?" उत्तर त्यांना शोधू द्या.

जय भीम!