भिंतीवरचा रंगीत फोटो का विटतो?



तुमच्या ओटीवर आजोबांचा काळापांढरा फोटो टांगलेला असेल. शेजारीच चाळीस वर्षांमागच्या लग्नाचा रंगीत फोटो असेल. दोन्ही जरा निरखून पाहा. आजोबांचा फेटा अजून स्पष्ट दिसतो. नवरीचा हिरवा शालू मात्र तांबूस झालेला. असे का व्हावे?

काळ्यापांढऱ्या फोटोतला काळा भाग म्हणजे चांदीचे बारीक कण. रंगीत फोटो धुताना ही चांदी काढून टाकतात. मागे उरतात ते फक्त रंग. लुगड्याचा रंग उडतो तसे हेही उडतात. त्या काळच्या बहुतेक फोटोंत निळसर रंग आधी विटला, म्हणून ते लाल दिसू लागले.

रंगीत फोटो लोकांच्या हाती आला तो बटाट्यामुळे, हे ऐकून नवल वाटेल. ज्यांचा सिनेमा १८९६ साली मुंबईत दाखवला गेला, त्याच फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंनी १९०७ साली रंगीत फोटोच्या काचा बाजारात आणल्या. बटाट्याच्या स्टार्चचे कण नारिंगी, हिरवे व जांभळे रंगवून ते काचेवर पसरत. त्यामागे साधा काळापांढरा फोटो असे. या कणांतून उजेड आला की चित्र रंगीत दिसे. पुढे १९३५ साली कोडॅक्रोम फिल्म निघाली. ती शोधणारे दोघेही पेशाने वादक होते.

आता झटपट फोटोची गोष्ट. १९४३ साली अमेरिकेत एडविन लँड यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. तो लगेच का दिसत नाही, असे तिने विचारले. पोरीचा प्रश्न बापाने मनावर घेतला. १९४८ साली त्यांचा पोलरॉइड कॅमेरा विकायला आला. फोटो धुण्याचे रसायन फिल्मबरोबरच लहानशा पुडीत असे. रुळांत दाबून ते पसरे आणि मिनिटाभरात फोटो तयार. १९६३ पासून तो रंगीतही मिळू लागला. पण त्याची निगेटिव्ह हाती राहत नाही. तो विटला की दुसरा छापता येत नाही.

म्हणून एवढे करा. रंगीत फोटो उन्हात, चुलीच्या धुरात किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका. चौकटीची काच फोटोला टेकू देऊ नका; पावसाळ्यात तो काचेला चिकटतो. निगेटिव्ह कोरड्या डब्यात जपा. अंधारातही रंग हळूहळू उडतोच, तेव्हा जुन्या फोटोची नक्कल वेळीच करून घ्या.

आणि घरात जाणते माणूस आहे तोवर फोटोत कोण कोण आहे ते विचारून, मागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.