क्वेश्चन टॅगचं उत्तर कोण शिकवणार?

दहावीच्या इंग्रजीत 'ॲड अ क्वेश्चन टॅग' आलं की माझ्या वर्गातली मुलं खूश होतात. हक्काचा गुण! वाक्य होकारी असेल तर टॅग नकारी, नकारी असेल तर होकारी; साहाय्यकारी क्रियापद उचलायचं, कर्त्याच्या जागी सर्वनाम ठेवायचं, झालं. 'लेट्स'ला 'शॅल वी', 'आय ॲम'ला 'आरन्ट आय' एवढं पाठ असलं की गुण कुठे जात नाही. मराठी माध्यमाच्या शाळेत मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि माझं ठाम मत झालं आहे की हा भाग आपण अर्धाच शिकवतो. टॅग जोडायला शिकवतो. पण तोच टॅग समोरच्याने आपल्याला विचारला तर काय म्हणायचं, हे पेपरात येत नाही, म्हणून वर्गातही येत नाही.

माझी एक विद्यार्थिनी इंग्लंडमधल्या रुग्णालयात नर्स आहे. गावी आली की शाळेत चक्कर मारते. गेल्या खेपेला तिने नववीच्या मुलांना ड्यूटी बदलतानाचा प्रश्न घातला. पेशंटला इन्सुलिन दिलेलं नाही. नव्याने कामावर आलेली नर्स विचारते, 'शी हॅजन्ट हॅड हर इन्सुलिन, हॅज शी?' काय उत्तर द्याल? अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, 'येस!'

मुलांनी मराठीच्या हिशेबाने बरोबरच उत्तर दिलं होतं. 'तिला इन्सुलिन दिलं नाही ना?' असं कुणी विचारलं तर आपण सहज म्हणतो, 'हो, नाही दिलं.' आपला 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीतला 'येस' घडलेल्या गोष्टीशी बांधलेला असतो. दिलं असेल तर येस, दिलं नसेल तर नो, मग प्रश्न उलटा विचारा की सुलटा. आमच्या वर्गाचा तो 'येस' ऐकून समोरची नर्स 'दिलंय' असं समजली असती आणि पेशंट इन्सुलिनवाचून राहिली असती. माझ्या विद्यार्थिनीने यावर साधा नियम करून घेतला आहे. नुसतं येस किंवा नो म्हणून थांबायचंच नाही. 'नो, शी हॅजन्ट' असं पुरतं बोलायचं. हा नियम पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापावा, इतका मोलाचा मला वाटतो.

दुसरं राहून जातं ते आवाजाचं. 'यू हॅव लॉक्ड द डोअर, हॅवन्ट यू?' हे कागदावर एकच वाक्य आहे. शेवटी आवाज वर चढला तर विचारणाऱ्याला खरोखर शंका आहे. खाली उतरला तर त्याला उत्तर ठाऊक आहे, त्याला फक्त दुजोरा हवा आहे. इंग्लंडात बसस्टॉपवर शेजारचा माणूस 'कोल्ड टुडे, इझन्ट इट?' म्हणतो, तेव्हा त्याला तापमान नको असतं. 'इट इज, इझन्ट इट' एवढं म्हटलं की बोलणं सुरू. गप्प बसलात तर तुसडे ठरता.

हे टॅग म्हणजे बोलणाऱ्याचा कच्चेपणा, असंही एक मत होतं. 1975 साली अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी पुस्तकात मांडलं की बायका टॅग जास्त वापरतात, कारण त्यांना ठाम बोलण्याचं वळणच लावलेलं नसतं. त्याच वर्षी बेटी लू डुबॉइस आणि इझाबेल क्राउच यांनी एका परिषदेतली चर्चा तपासली, तर तिथे टॅग निघाले पुरुषांच्या तोंडी. पुढे न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी टॅग कशासाठी आला हे पाहिलं, आणि बायकांचे बरेचसे टॅग समोरच्याला बोलतं करण्यासाठी होते असं दाखवलं. मला हे मनापासून पटतं. पालकसभेत मागच्या बाकावर गप्प बसलेली आईसुद्धा 'घरी वाचतो ना तो?' म्हटलं की बोलू लागते.

राहता राहिला आपला 'यू आर कमिंग, इझन्ट इट?' त्याला हसणाऱ्यांचा मला राग येतो. सगळ्या वाक्यांना एकच टॅग लावणं फ्रेंचमध्ये चालतं, जर्मनमध्ये चालतं, आणि लंडनची तरुण मुलं 'इनिट' कशालाही लावतात. परीक्षेत पुस्तकी रूप लिहावं, पण बोलताना या चुकीने कुणाचं काही अडत नाही. उलट्या 'येस'ने अडतं.

म्हणून वर्गात मी आता रोज दोन-तीन मुलांना उभं करते. 'यू हॅवन्ट ब्रॉट युवर नोटबुक, हॅव यू?' वही नसेल तर 'नो, आय हॅवन्ट', असेल तर 'येस, आय हॅव' म्हणत वही वर धरायची. मंडळाने लेखी पेपरातला टॅगचा गुण काढून तोंडी परीक्षेला द्यावा आणि परीक्षकाने तो असा विचारावा.