दुपारची बंद बाग आणि मनाचे आरोग्य

छातीत धडधडते, डोके जड राहते, रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच, कशात मन लागत नाही. अशा तक्रारी घेऊन आमच्या दवाखान्यात येणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीच्या गृहिणी पुष्कळ असतात. आम्ही डॉक्टर मंडळी प्रथम रक्तदाब पाहतो, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड तपासून घेतो, गरज वाटल्यास ई.सी.जी. काढतो. ते करायलाच हवे, कारण रक्तक्षय किंवा थायरॉईडचा विकारही नेमका याच सोंगात येतो. पण बरेचदा सगळे रिपोर्ट चांगले निघतात. मग घरचे निश्चिंत होतात आणि बाई होती तशीच राहते.

अशा वेळी मी चिठ्ठीवर एक ओळ लिहितो : रोज वीस मिनिटे झाडाखाली. एक काकू मला म्हणाल्या, "दिवसभर घरात चालतेच की ओ डॉक्टर मी, आणखी काय चालायचं?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मी त्यांना चालायला सांगतच नव्हतो. गुडघे दुखत असतील तर नुसते बसावे. मुद्दा पायांचा नाही, मनाचा आहे.

घरकाम असो, हिशेब असो की परीक्षेचा अभ्यास, त्यात मनाला एका जागी ओढून धरावे लागते. दूध उतू जाऊ नये, मुलाचा डबा राहू नये, सासूबाईंची गोळी चुकू नये. अशा ओढून धरण्याने मन थकते. हलणारी पाने, पक्ष्याची हालचाल, वाहते पाणी यांकडे मात्र लक्ष आपोआप जाते, त्यासाठी जोर लावावा लागत नाही आणि तेवढ्या वेळात थकलेला भाग विसावा घेतो. अमेरिकेतील रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ही कल्पना १९८९ साली ग्रंथरूपाने मांडली. आमच्या एम.बी.बी.एस.च्या अभ्यासात यातले अक्षर नव्हते.

त्याआधी १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. सर्वांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असे दिसले, की आठवड्यातून निदान १२० मिनिटे बागेत, रानात, समुद्रकाठी घालवणारे लोक आपली प्रकृती व मन बरे असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. अर्थात बरे असतात म्हणूनच ते बाहेर पडतात, असेही असू शकेल. पण त्या पाहणीतली एक गोष्ट मला कामाची वाटते. ती १२० मिनिटे एकदम घेतली काय किंवा तुकड्यातुकड्याने घेतली काय, फरक पडला नाही. म्हणजे रोज वीस मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस.

आपल्याकडे निसर्ग म्हटला की लोकांना कास आठवते. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात आपले कास आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण रविवारी गाडी काढायची, घाटात रांगेत अडकायचे, फुलांपुढे फोटो काढायचे आणि संध्याकाळी आंबलेल्या अंगाने परतायचे, ही सहल झाली. जरूर करा. मनाचे औषध म्हणून मात्र वर्षातून एकदाचे कास पुरत नाही. त्यासाठी रोज गाठता येईल असे झाड लागते. साताऱ्याची मंडळी सकाळी अजिंक्यताऱ्यावर जातात, त्यांचे बरे आहे. प्रत्येक गावाला किल्ला नसतो.

इथे एक शंका हमखास येते. निसर्गाने मन बरे होत असेल, तर उन्हातान्हात रानातच राहणारा शेतकरी का खचतो? शंका रास्त आहे. शेतकऱ्याला रान ही विश्रांतीची जागा नव्हे, ती त्याची कामाची जागा आणि कर्जाची वही आहे. आभाळाकडे पाहिले की त्याला सोसायटीचा हप्ता दिसतो. ज्या जागी आपल्याकडून कोणी काही मागत नाही, तिथेच मन विसावते. त्याच्या दुःखाचे कारण भाव आणि पाऊस आहे, त्यावर झाडाखाली बसा असा सल्ला देणे मला निर्दयपणाचे वाटते.

तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, अन्नावरची वासना जाणे, झोप उडणे, जगून काय करायचे असे बोलणे, ही लक्षणे दिसली तर फिरायला पाठवू नका, डॉक्टरकडे न्या. नैराश्य हा आजार आहे. चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

आता त्या काकूंकडे वळतो. पूर्वी बायका नदीवर धुण्याला जात. ते कष्ट कोणालाही परत नको आहेत, नळ आला हे उत्तमच झाले. पण त्या कष्टांबरोबर काठावरचा तासभर मोकळा वारा आणि चार जणींचे बोलणे, हेही गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. पुरुषाला पारावर बसायला कारण लागत नाही. बाई एकटी बसली, तर "बरं आहे ना घरी?" असे विचारले जाते. काकूंनी शेवटी दुर्वा आणि फुले आणण्याचे निमित्त काढले, आणि तेही सकाळच्या घाईत पाच मिनिटे. त्यांना खरी सवड मिळते दुपारी दोन ते चार, जेवणे आटोपल्यावर आणि मुले शाळेतून येण्याआधी.

त्याच वेळी आमच्या गावातील बाग बंद असते. पाटीवर सकाळी सहा ते दहा आणि सायंकाळी चार ते आठ अशी वेळ आहे. म्हणजे सकाळी डबे करायची वेळ आणि संध्याकाळी स्वयंपाकाची. आत वडाची, कडुनिंबाची जुनी झाडे आहेत, एप्रिलमध्येसुद्धा गार सावली असते आणि फाटकाला कुलूप. कारण विचारले तर सांगतात, दुपारी कॉलेजची मुलेमुली येऊन बसतात. बसू देत की. झाडाखाली बसण्याची गरज त्यांनाही आहे, आणि जिथे दहा बायका बसलेल्या असतील तिथे कसली काळजी? पहारेकऱ्याचा खर्च वाढेल, हेही कारण देतात. माळी दुपारी आतच असतो, हे मी रस्त्यावरून जाता-येता पाहतो.

निदान सोमवार ते शुक्रवार, दोन ते चार, तीन महिने फाटक उघडे ठेवून पाहावे. महिला मंडळांनी सह्यांचा अर्ज द्यायचे ठरवले, तर त्यावर सही करायला मी तयार आहे. दवाखाना सकाळी नऊ ते एक उघडा असतो.